रविवारी एकच बन

तेर्वाला, १४ एप्रिल २००३

ओइवा रे,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर आपण बहीणभाऊ काय बोलतो ते तुला ठाऊक आहे. तू "हं" म्हणतोस, मी "हं" म्हणते, आणि मग दोघं तळ्याकडे बघत बसतो, तू तुझ्या काठावरून, मी माझ्या. लिहायला बसलं की मात्र मला थांबवणारं कुणी नाही.

तर बातमी अशी, की आमच्या तेर्वाल्याला सरकारी निधी मिळाला! मधुमेहावरचं जे संशोधन राजधानीत कपाटांमध्ये पडून आहे ते लोकांच्या ताटात उतरवायचं, असा दोन वर्षांचा प्रकल्प आहे. नवीन शोध लावायचा नाही. शोध सगळे लागलेत. ते आमच्यासारख्या बनखाऊ, गोड पावावर जगणाऱ्या लोकांकडून पाळून घ्यायचे, एवढंच उरलंय. शहरातून इल्पो नावाचा प्रकल्पप्रमुख आलाय. उंच आहे, सभ्य आहे, बोलताना टेबलाकडे बघून बोलतो. आणि सचिव कोण? मी! पस्तीस वर्षं पोस्टात शिक्के मारले ते काही फुकट गेले नाहीत.

आता दुसरी बातमी. चिडू नकोस. अशा प्रकल्पाला आणखी एक गाव लागतं, जिथे काहीच करायचं नाही. शेवटी दोन गावं शेजारी ठेवून बघतात, फरक पडला की नाही. ते तुलनेचं गाव म्हणजे तुमचं होंकाला. आधी एक फॉर्म भरून घेतील, रक्त तपासतील, आणि दोन वर्षं संपत आली की पुन्हा तपासतील. मधल्या काळात तुम्हाला कुणी त्रास देणार नाही.

आणि मी एका कागदावर सही केली आहे. तुलनेच्या गावातल्या कुणालाही, नातेवाईक धरून, प्रकल्पातला कुठलाही सल्ला सांगणार नाही. "नातेवाईक धरून" हे इल्पोने मला दोनदा वाचून दाखवलं. तेव्हा काय खावं, काय करावं, ते मला विचारू नकोस. विचारलंस तरी सांगणार नाही. सही म्हणजे सही.

अंगठा कसा आहे? डाव्या पायाचा म्हणतेय. खरं लिही. बाबांचाही डावाच होता.

तुझी,
हिल्का


होंकाला, २ मे २००३

हिल्के,

म्हणजे तुम्हाला वाचवणार आणि आम्हाला मोजणार. छान आहे.

दुकानात सांगितलं तर काउको म्हणाला, "जाऊ दे, निदान कुणाच्या तरी कामी आलो." तो शिकारीत माझ्या उजव्या हाताला असतो, त्याला सगळ्यातच बरं दिसतं.

तुमची नर्स येऊन गेली, सिल्वी. तरणी पोर, हसते छान. चार पानांचा फॉर्म होता. रोज चालता का, पाव कुठला, आठवड्याला बन किती. ती समोर पेन धरून बसली होती. मी फॉर्म चांगला भरला. गावात सगळ्यांनीच चांगला भरला. त्याबद्दल जास्त विचारू नकोस.

अंगठ्याची जखम भरत नाही. डॉक्टर म्हणाले, साखर खाली आली नाही तर पुढच्या वर्षी शिकारीच्या हंगामाआधी अंगठा काढू, आणि मग पुढचं पुढे. पुढचं म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. शेडमध्ये बाबांचे डावे बूट अजून ओळीने उभे आहेत. सहा. पाय गेला तरी माणूस जोडीच विकत घ्यायचा, उजवा झिजवायचा आणि डावा तिथे नेऊन ठेवायचा. मूस हरणाच्या शिकारीला सगळे रानात जायचे आणि बाबा झोपडीत बसून सूप ढवळायचे. सगळे सुपाचं कौतुक करायचे. मी बारा वर्षं त्या टोळीचा म्होरक्या आहे, मला सुपाचं कौतुक नको आहे.

काय केलं तर बरं वाटेल ते तुला ठाऊक आहे. तू ते टाईप करतेस. आणि मी तळ्याच्या चुकीच्या बाजूला राहतो. असो. सही म्हणजे सही. तुझ्या जागी मी असतो तर मीही सांगितलं नसतं. पण मी तुझ्या जागी नाही, म्हणून राग आलाय.

ओइवा


तेर्वाला, ३० जून २००३

ओइवा रे,

तुझं पत्र एप्रनच्या खिशात घेऊन फिरतेय. रागाव, पण लिहीत राहा.

इकडे प्रकल्प जोरात आहे. सुकाणू समितीच्या सहा बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीला कॉफी आणि वेलचीचे बन. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "अहो, मधुमेहाची बैठक आणि बन?" तर इल्पो टेबलाला म्हणाला, "निधीत बैठकीच्या फराळाची तरतूद आहे." मी म्हटलं, "मग त्यात चालायचे बूट घेऊ या लोकांना." तर तसं करता येत नाही. बूट नंतर माणसाकडे राहतात, म्हणजे ती वैयक्तिक मालमत्ता झाली. बन मागे उरत नाही, म्हणून तो नियमात बसतो. आणि तरतूद पुरी वापरली नाही तर पुढच्या वर्षी कापतात. म्हणून आम्ही वापरतो. गेल्या मंगळवारी मी तीन वापरले.

चालण्याचा गट अजून चालू झालेला नाही. आधी चमकणारी जाकिटं हवीत, नाहीतर विमा लागू होत नाही. जाकिटं पिवळी की नारिंगी यावर दोन तट पडलेत, म्हणून उपसमिती नेमली. तिच्याही बैठका होतात. तिथेही तेच खायला.

सोबत स्कीच्या काठ्या पाठवतेय. जून महिना आहे, बर्फ नाही, आणि स्की पाठवलेल्या नाहीत, हे मला कळतं. का पाठवल्या ते विचारू नकोस. माझ्या घरात अडचण होत होती, बस.

टाईप करताना प्रत्येक ओळीला तुझा अंगठा डोळ्यांपुढे येतो रे.

हिल्का


होंकाला, २४ ऑगस्ट २००३

हिल्के,

काठ्या मिळाल्या. वाटाण्याच्या वेलांना आधार दिला. वाटाणा खूश आहे.

तुमच्या कचेरीचं पत्र गावात प्रत्येकाला आलं. ते घेऊन आम्ही राउहाच्या दुकानात जमलो. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही, नेहमीपेक्षाही जास्त वेळ. मग राउहाने बनाचा ट्रे काउंटरवरून उचलून आत नेला आणि आम्ही घरी गेलो. पायी.

काठ्या वेलांवरून काढून घेतल्यात. वाटाणा पडला. काउको आत्तापासूनच तळ्याचा बर्फ कापायची करवत पाजळत बसलाय.

का, ते विचारू नकोस. तू मला सांगत नाहीस, मी तुला सांगत नाही.

ओइवा


तेर्वाला, १२ फेब्रुवारी २००४

ओइवा,

हे काय चाललंय तुमच्याकडे?

आमच्या बेकरीची गाडी होंकाल्याला माल टाकायला जाते आणि भरलेली परत येते. ड्रायव्हर म्हणतो, राउहा सोमवार ते शनिवार बन उतरवूनच घेत नाही, फक्त काळा पाव घेते. परवा सिल्वी तुमच्याकडून गेली, तर तिला रस्त्यात अकरा माणसं स्कीच्या काठ्या घेऊन, स्कीशिवाय, एकामागोमाग एक चालताना दिसली. एकानेही मान वर केली नाही म्हणे. आणि काउको? उणे वीस असताना तळ्याच्या बर्फाला भोक पाडून आत गळ्यापर्यंत उभा! सिल्वीने गाडी थांबवून विचारलं, "बरे आहात ना?" तर तो म्हणाला, "रोजचंच आहे," आणि दात वाजवत राहिला.

इथे हाहाकार उडालाय. इल्पो म्हणतो, सल्ला फुटला. तुलनेचं गाव सुधारलं तर तुलना कशाशी करायची? निधी परत मागतील म्हणतो. खाल्लेले बन कुठून परत द्यायचे आम्ही? आणि असं बोलताना तो टेबलाचा जो कोपरा बघतो ना, तिथे मी बसते. काठ्या मी पोस्टाने पाठवल्या हे पोस्टातल्या पोरीने सगळ्या गावाला सांगितलंय. माझ्याच ऑफिसने माझा घात केला.

गळतीची चौकशी करायला उपसमिती नेमली. इतिवृत्त कोण लिहिणार? सचिव. म्हणजे माझी चौकशी आणि मीच लिहितेय: "सचिवांना प्रश्न विचारण्यात आला. सचिव गप्प राहिल्या. सचिवांना आणखी कॉफी देण्यात आली."

ओइवा, मी एक शब्दही फोडला नाही रे. पस्तीस वर्षांत मी दुसऱ्याचं पोस्टकार्डसुद्धा वाचलं नाही. या वयात मला खोटारडी ठरवतील आणि त्याच गावात मला राहायचंय. काय आहे ते मला खरं सांग. लवकर.

हिल्का


होंकाला, १ मार्च २००४

हिल्के,

सांगतो. बसून वाच.

तो फॉर्म आम्ही सगळ्यांनी खोटा भरला.

ठरवून नाही. प्रत्येकाने आपापला, घरी बसून. समोर ती सिल्वी हसत बसलेली. "आठवड्याला बन किती?" आता तिला काय सांगायचं, चाळीस? मी म्हटलं, एक. रविवारी. चर्चहून आल्यावर. म्हटलं तर तिने इतक्या कौतुकाने बघितलं की पुढे मला थांबताच येईना. पाव काळाच खातो म्हटलं. जेवण झालं की चालतो म्हटलं. "किती?" पाच किलोमीटर. रोज? रोज. हिल्के, मी टपालपेटीपर्यंत ट्रॅक्टरने जायचो.

आणि काउकोने लिहिलं, वर्षभर तळ्यात पोहतो. हिवाळ्यातही. का लिहिलं ते त्यालाच माहीत नाही. चौपन्न वर्षांचा माणूस, पोट आत ओढून बसला होता म्हणे फॉर्म भरताना.

खाली आम्ही सह्या केल्या. वरील माहिती खरी आहे.

मग ऑगस्टात तुमचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं: "फॉर्ममध्ये नोंदवलेली जीवनपद्धती प्रकल्प संपेपर्यंत कोणताही बदल न करता चालू ठेवावी." शिक्का, तारीख. त्या दिवशी दुकानात कुणी बोललं नाही म्हणून लिहिलं होतं ना, ते म्हणून. सगळ्यांना कळलं की सगळे फसलेत. पाद्रीसाहेबसुद्धा. त्यांनी लिहिलं होतं की गोडाला हात लावत नाही, आणि आठवड्याला दोन दोन अंत्यविधींनंतरची कॉफी आणि केक असतो त्यांना.

राउहा म्हणाली, "दोनच रस्ते आहेत. एक तर कचेरीला कळवायचं, की आम्ही खोटं लिहिलं." कुणी वर बघितलं नाही. "नाहीतर मग," ती म्हणाली, "ते खोटं राहू द्यायचं नाही."

तेव्हापासून हे चाललंय. बैठक नाही, जाकीट नाही. जेवलो की मी निघतो. पहिल्या महिन्यात वाटेत तीनदा बसायचो आणि स्वतःला शिव्या घालायचो, की मूर्खा, दोन किलोमीटर लिहायला काय झालं होतं? रविवारी तो एक बन मी अर्धा तास खातो. काउकोच्या शिव्या सकाळी तळ्यावरून घरापर्यंत ऐकू येतात, पण एक दिवस चुकवला नाही पठ्ठ्याने.

तू काहीच फोडलं नाहीस. तुझ्या काठ्यांचा अर्थही मला लागला नव्हता. घसरतो म्हणून घेतल्या मी त्या.

हे पत्र हवं तर सगळ्यांना वाचून दाखव. लाज वाटते, पण तू खोटारडी ठरण्यापेक्षा आमचं गाव खोटारडं ठरलेलं बरं.

ओइवा


तेर्वाला, २० एप्रिल २००४

ओइवा रे,

वाचून दाखवलं. काउकोचं पोट आलं तिथे मलाच हसू फुटलं. इल्पोने पहिल्यांदा टेबलावरून मान वर केली. डोळे निळे आहेत त्याचे, वर्षभर माहीत नव्हतं.

मग चार तास चर्चा झाली, की होंकाल्यात काही घडलं की नाही. शेवटी निर्णय असा: रहिवासी फॉर्मप्रमाणेच वागत आहेत, म्हणजे बदल झालेला नाही, म्हणजे काहीच घडलेलं नाही. मी निर्दोष!

गंमत सांगू? आमच्या लोकांनी फॉर्म उलटा भरलाय. सुधारणा दिसायला हवी म्हणून सगळ्यांनी बन वाढवून लिहिले. ते वाढवलेले आकडे आता खरे व्हायला लागलेत.

जाकिटं आली, नारिंगी. कुणालाच बसेनात. मापं गेल्या वर्षी घेतली होती ना. परत पाठवली. चालण्याचा गट आता शरद ऋतूत.

मी मजेत. वसंत यंदा फार कोरडा चाललाय, नुसती तहान तहान होते. ग्लासवर ग्लास पाणी पिते. चष्म्याचा नंबरही पुन्हा बदलावा लागेल, टाईप करताना ओळी पोहतात. वय झालं, दुसरं काय.

अंगठा?

हिल्का


होंकाला, १८ ऑक्टोबर २००४

हिल्के,

अंगठा आहे. जागेवर आहे. जखम भरली. डॉक्टरांनी दोनदा कागद बघितला, मग माझ्याकडे, मग पुन्हा कागद. "काय केलंत?" म्हणाले. मी म्हटलं, काही नाही, मी तुलनेत आहे.

शनिवारी पहिला मूस पडला. पंधरा किलोमीटर चाललो दलदलीतून. झोपडीत सूप पाद्रीसाहेबांनी ढवळलं. खारट झालं होतं. मी कौतुक केलं आणि मग बाहेर जाऊन जरा वेळ एकटा उभा राहिलो. रडलो म्हणालीस तरी चालेल.

सिल्वी दुसऱ्यांदा येऊन रक्त घेऊन गेली. आमच्यात कुणाची साखर चढलेली नाही, बऱ्याच जणांची उतरली.

आता तू मला सांग. ती तहान. तो चष्मा. एप्रिलपासून तुझी तीन पत्रं आली, जाकिटांवर दोन पानं आणि तुझ्याबद्दल एक ओळ नाही. बाबाही आधी पाणीच प्यायला लागले होते. विहिरीवर उभे राहून, आठवतं? आपण दोघं हसायचो.

सिल्वीने तुमच्याकडेही रक्त घेतलं असेल. कागदावर काय आलं?

ओइवा


तेर्वाला, ९ डिसेंबर २००४

ओइवा रे,

आधी कचेरीचं सांगते.

निकाल आला. तेर्वाल्यात, जिथे प्रकल्प होता, साखर चढली. होंकाल्यात, जिथे काही नव्हतं, उतरली. मला वाटलं, आता इल्पोची नोकरी जाणार. तर कसलं काय! राजधानीतून अभिनंदनाचं पत्र आलं. त्यांचं म्हणणं, काहीही न करण्याचा एवढा मोठा परिणाम आजवर कुणी दाखवलेला नाही. तेव्हा पुढची तीन वर्षं निधी वाढवून, होंकाल्यात नेमकं काय केलं नाही ते शोधायचं आणि सगळ्या जिल्ह्यात उतरवायचं. म्हणजे नव्या वर्षापासून प्रकल्प तुमच्याकडे. सुकाणू समिती, उपसमित्या, फराळाची तरतूद, सगळं. इल्पो तुलाच अध्यक्ष करणार म्हणतो.

आणि तुलनेचं गाव आता आम्ही. नवीन फॉर्म येऊन पडलेत, ते भरायचे आणि जसं आहे तसंच राहायचं.

आता तू विचारलंस ते.

आलाय मला, मधुमेह. सप्टेंबरच्या कागदावर लिहिलंय, चांगला ठळक. नक्की कधी आला देव जाणे, कुठल्या तरी बैठकीत आला असेल. सल्ले मी इतक्या वेळा टाईप केलेत की डोळे मिटून म्हणून दाखवीन. पण ताट फिरत फिरत समोर आलं की हात जातो रे. नाही म्हटलं तर लोक म्हणतात, सचिवच खात नाही, मग कसं व्हायचं? आणि आता तर आमच्याकडे काहीच बदलायचं नाही असा नियम आलाय. मला इतकी लाज वाटते की तुला लिहिता येईना. ज्या बाईने भावाला एक ओळ सांगितली नाही, तिला भावाजवळ रडायचा काय हक्क?

कालपासून डाव्या टाचेला मुंग्या येतात. मला भीती वाटते, ओइवा. त्या शेडमधल्या बुटांची.

हिल्का


होंकाला, १६ जानेवारी २००५

हिल्के,

रडायचा हक्क आहे. ते झालं की पुढचं वाच.

मंगळवारी इल्पो आला, आठ पेट्या बन घेऊन. दुकानात बैठक भरली. आमच्या लोकांची दीड वर्षाची सवय, मंगळवारी कुणी बनाला हात लावेना. त्याने एकट्याने पाच खाल्ले, संकोचाने. मग मला अध्यक्ष केलं आणि तोच कागद पुढे सरकवला. तुलनेच्या गावातल्या कुणालाही, नातेवाईक धरून. दोनदा वाचून दाखवला.

मी म्हटलं, पेन घेऊन येतो. बाहेर आलो, काठ्या उचलल्या आणि घरी चालत आलो. माझ्या मते तो अजून पेनची वाट बघतोय. काउको म्हणाला, नको करू सही, त्याला तळ्यात घेऊन जातो मी.

मी आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या कागदाला नाही म्हटलं. तुझ्या सहीचा मला आता राग नाही. तू सही पाळलीस आणि तरी चालायला काठ्या पाठवल्यास. ते मला उशिरा कळलं, एवढंच.

तर मी सही केलेली नाही, म्हणून मला बोलता येतं. पण सल्ला तुला काय द्यायचा, तो तुला पाठ आहे. त्याने काही होत नाही हे आपण बघितलं. आपल्या घराण्याला सल्ला लागू पडत नाही. आपल्याला सही लागू पडते.

सोबत तुमच्या गावचा कोरा फॉर्म आहे. सिल्वीकडून मागून घेतला आणि तुझ्या नावाने भरला. मनापासून खोटा भरलाय. काळा पाव. रविवारी एक बन. जेवणानंतर चालणे, पाच किलोमीटर, एकटी. खाली तुझ्या सहीची जागा सोडली आहे. सही केलीस की तीन वर्षं त्यात काहीही बदल करायला तुला बंदी आहे. कचेरीचा नियम आहे, माझा नाही.

तळ्यावरचा बर्फ आता चाळीस सेंटीमीटर जाड झालाय, माणूस चालू शकतो.

ओइवा


तेर्वाला, २० जानेवारी २००५

ओइवा रे,

सही केली. शिक्काही मारला, जुना, पोस्टातला, घरीच होता.

एकच खाडाखोड केली आहे. "एकटी" हा शब्द खोडून "भावाबरोबर" असं लिहिलंय. समासात आद्याक्षरं घातलीत, म्हणजे ते नियमात बसतं.

आता सही झाली आहे, तेव्हा तुलाही दुसरा इलाज नाही. गावाची हद्द तळ्याच्या बरोबर मधून जाते. तिथे ना प्रकल्प, ना तुलना. तिथपर्यंत तुझ्याकडून अडीच किलोमीटर, माझ्याकडून अडीच, जाऊन येऊन पाच. परवा दुपारी, जेवण झालं की. कॉफीचा थर्मास मी आणते.

रविवार नाही, तेव्हा बन आणू नकोस.

हिल्का